पीडीएफ चढवली, जबाबदारी उतरली

स्पॅनिशच्या विद्यार्थ्यांना संगणकाचं वेगळं काय शिकवायचं, ती पिढी मोबाइल घेऊनच जन्मली, असं माझे सहकारी बैठकीत बिनदिक्कत सांगतात. हे साफ खोटं आहे. सोयीचंही आहे, कारण मग शिक्षकाला स्वतःला काही शिकावं लागत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने निबंध आणला. त्यात 'उब्येरा साबीदो', म्हणजे 'कळलं असतं तर', अचूक जागी बसलेलं. हे रूप इथे का, विचारलं तर गप्प. इंग्रजीत लिहून यंत्राकडून भाषांतर करून घेतलं होतं. हाच मुलगा डोक्यावर लाट असलेला 'एन्ये' दर वेळी इंटरनेटवरून कॉपी करून चिकटवतो. फोनच्या सेटिंगमध्ये स्पॅनिश कीबोर्ड जोडता येतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मुलं लबाडी करतात म्हणून गळे काढणाऱ्यांना माझा सरळ प्रश्न आहे: यंत्र क्षणात लिहून देईल असा गृहपाठ दिला कोणी? लॉकडाऊनमध्ये वर्गाच्या ग्रुपवर पीडीएफ टाकायची सवय लागली आणि त्यालाच आपण आजतागायत ऑनलाइन अध्यापन म्हणतो. ड्युओलिंगोची साखळी तुटू नये म्हणून झोपण्यापूर्वी पाच मिनिटं बोट फिरवलं, की मुलांनाही अभ्यास झाल्यासारखा वाटतो.

आणि फुकट काय पडलंय ते बघा. स्पॅनिश भाषेच्या रेआल अकादेमिया या संस्थेच्या ऑनलाइन शब्दकोशात क्रियापदाची सगळी रूपं तक्त्यात मिळतात. तिच्याच 'कोर्पेस' या संग्रहात 2001 पासूनचे स्पॅनिशभाषक देशांतले मजकूर आहेत. तिथे 'तेनेस' ('तुझ्याकडे आहे'चं अर्जेंटिनातलं रूप) शोधा, देश अर्जेंटिना निवडा, वाक्यांची रांग लागेल. मग स्पेन निवडा आणि फरक बघा. आमच्या माद्रिदी पाठ्यपुस्तकातलं 'त्येनेस' ब्वेनोस आयरेसच्या रस्त्यावर का ऐकू येत नाही, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. पुण्यातल्या कंपनीत उद्या त्याला लॅटिन अमेरिकेचे फोन घ्यायचे असतील, तर हे आज माहीत हवं. 'रादियो अंबुलांते' या स्पॅनिश पॉडकास्टचे भाग लेखी संहितेसह मिळतात. आमच्याकडे मात्र ऐकण्याच्या तासाला अजून पुस्तकासोबत आलेली जुनी सीडीच वाजते.

माझी मागणी साधी आहे. परीक्षेत इंटरनेट चालू ठेवा. यंत्राने केलेलं भाषांतर विद्यार्थ्याच्या हातात द्या आणि त्यातल्या चुका पुराव्यासह दाखवायला सांगा. असा पेपर काढायचा तर शिक्षकाला आधी स्वतः कोर्पेस उघडून बसावं लागेल, आणि घोडं तिथेच पेंड खातं.