बिनक्रमांकाच्या रस्त्यांना वाली कोण?

देशातील महामार्गांचे क्रमांक सोडत काढून दिलेले नाहीत. त्यांमागे एक पद्धत आहे आणि ती समजून घेण्याजोगी आहे. २०१० साली केंद्र सरकारने राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले तेव्हा असे ठरले की, दक्षिणोत्तर जाणाऱ्या महामार्गांना सम क्रमांक असावेत व ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जावेत. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम क्रमांक असावेत व ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जावेत. क्रमांक तीन आकडी असेल तर तो शाखामार्ग समजावा आणि त्याचे शेवटचे दोन आकडे मूळ मार्गाचे समजावेत. या नियमानुसार पनवेलहून कोकणात उतरणारा जुना १७ आता ६६ झाला. मुंबई-पुण्याचा जुना ४ आणि मुंबई-अहमदाबादचा जुना ८ हे दोन्ही एकाच ४८ मध्ये सामावले. आणि कल्याणहून मुरबाड, माळशेजकडे जाणारा जुना २२२ हा ६१ झाला.

हे सारे तोंडपाठ असणारी हौशी मंडळी आपल्या भोवती आहेत. मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर रस्ता राष्ट्रीय, हिरवा असेल तर राज्याचा, नारिंगी असेल तर खेड्याचा, हे ती धावत्या गाडीतून सांगतात. त्यांच्या छंदाची थट्टा करण्याचे कारण नाही. उलट, कार्यकर्त्यांनी त्यांच्यापासून काही शिकावे असे मला वाटते. कारण त्यांना जे कौतुकाचे वाटते तो वस्तुतः सार्वजनिक अर्थकारणाचा प्रश्न आहे. रस्त्याचा क्रमांक ही नुसती खूण नव्हे. या रस्त्याचा खर्च कोणी करावयाचा आणि त्यावरील खड्ड्याचा जाब कोणाला विचारावयाचा, याची ती कबुली आहे. ज्या रस्त्याला क्रमांक नाही, त्याच्या बाबतीत अशी कबुली कोणी दिलेली नसते.

आता आपल्या कुळगाव-बदलापूरच्या भोवती पाहावे. उत्तरेस कल्याण-मुरबाडचा ६१. दक्षिणेस डोंगरापलीकडे पनवेल-खोपोलीवरून पुण्यास जाणारा ४८. पूर्वेस मुरबाड-कर्जत-खोपोली असा जाणारा, त्याच ४८ चा शाखामार्ग ५४८ अ. आणि या सर्वांच्या जोडीला, वडोदऱ्याहून जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाण्यासाठी अंबरनाथ तालुक्यातील शेते ओलांडणारा द्रुतगती महामार्ग. दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्गाचाच हा भाग असून त्यासाठी बदलापूरनजीकच्या डोंगराच्या पोटातून पनवेलच्या बाजूस चार किलोमीटरहून अधिक लांबीचा जोडबोगदा खोदण्याचे काम हाती घेतले गेले. अशा क्रमांकांच्या वेढ्यात वसलेल्या गावातला माणूस रोज पहाटे ज्या रस्त्याने स्टेशन गाठतो, त्याला मात्र क्रमांक नाही.

प्रवासी येथे घोडे बदलीत म्हणून हे बदलापूर, अशी लोकांत प्रचलित असलेली व्युत्पत्ती आहे. ती खरी असो वा नसो, हे गाव वाटेवरचे आहे यात शंका नाही. १८५६ साली आगगाडी कल्याणवरून खोपोलीपर्यंत गेली तेव्हापासून येथील जीवन लोहमार्गाला बांधले गेले. २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेली येथील लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे १ लाख ७४ हजार झाली. मुंबईत घर परवडत नाही म्हणून आलेली ही कष्टकरी व मध्यमवर्गीय माणसे. त्यांचा प्रवास मोटारीने नव्हे, लोकलने होतो. आणि घरापासून फलाटापर्यंतचा त्यांचा रस्ता नगरपरिषदेचा असतो.

ही नगरपरिषद तरी कशी? १९८३ पासून हे गाव कल्याण महानगरपालिकेत होते. १९९२ मध्ये ते स्वतंत्र झाले. पुढे १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली आणि स्वतःच्या उत्पन्नाचे मोठे साधन त्यांच्या हातून गेले. तेव्हापासून रस्त्यासाठी राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसणे हेच त्यांच्या नशिबी आले.

कर्तव्याची कल्पना

रस्त्यांची प्रतवारी मुळात जनतेच्या हितासाठी करण्यात आली होती, हे विसरता कामा नये. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविषयक समिती नेमली गेली. रस्त्यांचा भार प्रांतिक सरकारांना व स्थानिक संस्थांना पेलणारा नाही, त्यासाठी मध्यवर्ती निधी हवा, असे तिने १९२८ मध्ये सांगितले. आणि पेट्रोलवरील करातून १९२९ मध्ये असा निधी निर्माण झाला. १९४३ मध्ये नागपूर येथे जमलेल्या मुख्य अभियंत्यांनी राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्रामीण अशी वर्गवारी आखली. तिच्यामागचे सूत्र असे की, विकसित शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये. म्हणजे वर्गवारीचा हेतू मोठ्या रस्त्याचा मान वाढविण्याचा नव्हता. शेवटच्या गावाचा हक्क निश्चित करण्याचा होता.

राज्यघटनेने हीच विभागणी स्वीकारली. संसदेने राष्ट्रीय म्हणून घोषित केलेले महामार्ग केंद्राच्या सूचीत आले, बाकीचे रस्ते राज्यांकडे राहिले. १९५६ साली राष्ट्रीय महामार्गांचा कायदा झाला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो स्त्री-पुरुषांनी रणरणत्या उन्हात खडी फोडली आणि कित्येक खेड्यांना जोडणारे रस्ते त्या घामातून उभे राहिले. त्यांतल्या बहुतेक रस्त्यांना कोणी क्रमांक दिले नाहीत. परंतु दुधाची बरणी, आजारी माणूस आणि शाळकरी पोर त्यांच्यावरूनच तालुक्याला गेले.

क्रमांक येतो कसा, जातो कसा

आज या वर्गवारीचे काय झाले आहे? सरकारी आकडेवारीनुसार २०१४ मध्ये सुमारे ९१ हजार किलोमीटर असलेली राष्ट्रीय महामार्गांची लांबी दहा वर्षांत १ लाख ४६ हजार किलोमीटरवर गेली. यात नवे बांधकाम आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु यातील मोठा भाग राज्यांच्या अस्तित्वात असलेल्या रस्त्यांना राष्ट्रीय म्हणून घोषित केल्याचा आहे. पाटी बदलली की लांबी वाढते; रस्ता त्या दिवशी एका वीतभरही वाढत नाही.

याच्या उलट क्रियाही आपण पाहिली आहे. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आत दारूची दुकाने असू नयेत असा आदेश दिला. रस्त्यावर मरणाऱ्या माणसांची चिंता त्यामागे होती. त्यावर महाराष्ट्रासह अनेक राज्यांत उपाय शोधला गेला तो असा की, शहरांतून जाणाऱ्या रस्त्यांचा महामार्ग हा दर्जाच काढून घ्यावा व ते स्थानिक संस्थांच्या ताब्यात द्यावेत. पुढे २०१७ मध्ये न्यायालयाने नगरपालिका हद्दीपुरता आपला आदेश शिथिल केला, हा भाग वेगळा. लक्षात घ्यावयाचे ते हे की, क्रमांक काढता येतो, तो एका रात्रीत काढता येतो आणि तो कोणाच्या सोयीसाठी काढला जातो तेही उघड दिसते. दुकानदाराचा धंदा वाचला, सरकारचे उत्पादनशुल्क वाचले. त्या रस्त्याची डागडुजी मात्र जकात गमावलेल्या नगरपालिकेच्या गळ्यात पडली.

शेतकरी आणि अनर्जित वाढ

द्रुतगती महामार्गाचा प्रश्न आणखी निराळा आहे. प्रवेशनियंत्रित म्हणजे ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येणारा हा रस्ता. ज्याच्या शेतातून तो जातो त्याला त्यावर बैलगाडी घालता येत नाही, एसटी त्याच्या बांधावर थांबत नाही. त्याचे शेत दुभंगते आणि पलीकडच्या तुकड्यावर जाण्यासाठी त्याला भुयारी वाट मिळेल तेथपर्यंत चालत जावे लागते. आदिवासी पाड्यांवरील बायकांची लाकूडफाट्याची, पाण्याची वाट आखणीच्या नकाशात बहुधा दाखविलेलीच नसते.

उल्हास नदीचे खोरे हा सपाट, पुराचा प्रदेश आहे. २६ जुलै २०१९ च्या रात्री बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना दुसऱ्या दिवशी बाहेर काढावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. भराव घालून उंच केलेला रस्ता हा ओढ्यांच्या दृष्टीने बांधच असतो. त्यात मोऱ्या किती व केवढ्या असाव्यात, हे वाहनांच्या वेगाइतक्याच गांभीर्याने ठरले पाहिजे.

मोबदल्याबाबत कायदा आज पूर्वीपेक्षा बरा आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याची मोबदल्याची तरतूद २०१५ पासून राष्ट्रीय महामार्गांनाही लागू झाली. त्याआधीच्या खातेदारांना दिलासा रक्कम व व्याज नाकारणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. परंतु मोबदला मिळतो तो गेलेल्या जमिनीचा. रस्त्यामुळे शेजारच्या जमिनीची जी किंमत चढते, ती कोणाची? अर्थशास्त्रात तिला अनर्जित वाढ म्हणतात. जॉन स्टुअर्ट मिलने एकोणिसाव्या शतकातच अशी वाढ समाजाने कररूपाने परत घ्यावी असा आग्रह धरला होता. आपल्याकडे ती घेतो तो, ज्याला आखणीची कुणकुण आधी लागते. शेतकरी घामाची जमीन देतो, करदाता पैसा देतो, आणि मधला माणूस मोल घेतो.

येथे कोणी म्हणेल, तुम्हाला रस्ते नकोतच का? हा आक्षेप टाळून चालणार नाही. बंदराकडे जाणारी अवजड वाहने शहराबाहेरून गेली तर कल्याण-भिवंडीच्या नागरिकाचा श्वास मोकळा होईल, माल स्वस्त पडेल, अपघात कमी होतील. सार्वजनिक गुंतवणुकीला आपला विरोध असण्याचे कारण नाही. ती आपलीच मागणी आहे. आपला प्रश्न क्रमाचा आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादन व आखणीसाठी सुमारे २० हजार ७८७ कोटी रुपयांना मंजुरी दिली. त्या आधीच कोल्हापूरसह अनेक जिल्ह्यांतील शेतकरी विरोधात उभे राहिले होते. जे न मागता मिळते आणि जे मागूनही मिळत नाही, यांतील अंतर मोजणे म्हणजेच नियोजनाची परीक्षा घेणे होय.

ही परीक्षा लोक घेऊ शकतात, हे कोल्हापूरने दाखविले आहे. शहरांतर्गत रस्त्यांवर लादलेल्या टोलविरुद्ध तेथे जे आंदोलन झाले, त्यात एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखे नेते सामान्य नागरिकांबरोबर रस्त्यावर होते. रस्ता कोणाचा, खर्च किती, वसुली किती, हे प्रश्न त्यांनी चौकाचौकांत नेले; आणि २०१५ अखेर तो टोल सरकारला रद्द करावा लागला. हिशेब मागणे हे आंदोलनाचे सर्वांत धारदार हत्यार असते.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांपुढे एक साधे काम ठेवावेसे वाटते. प्रत्येक प्रभागातील व गावातील रस्त्यांची वही तयार करावी. रस्ता कोणत्या वर्गाचा, मालक कोण, शेवटचे डांबर कधी पडले, ठेकेदाराची दोषदुरुस्तीची मुदत केव्हा संपते, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारून तीत नोंदवावे आणि तेच फलकावर लिहून रस्त्याच्या कडेला लावण्याचा आग्रह धरावा. रस्त्याचा दर्जा बदलावयाचा असेल तर ग्रामसभेचा वा नगरपरिषदेचा ठराव आणि निधी दोन्ही सोबत हवेत, निधीवाचून हस्तांतरण नको, ही दुसरी मागणी. आणि द्रुतगती महामार्गाखालील वाटा, मोऱ्या व सेवारस्ते भराव पूर्ण होण्याआधी गावकऱ्यांना नकाशावर दाखवून पक्के करावेत, ही तिसरी.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा सलग पट्टा आहे; त्यातून जाणारा एकच रस्ता महानगरपालिका, दोन नगरपरिषदा आणि राज्याची खाती यांच्या हद्दी ओलांडत जातो. खड्डा दाखविला की प्रत्येक कचेरी पलीकडच्या कचेरीकडे बोट दाखविते. वहीत मालकाचे नाव लेखी आले, की ते बोट दाखविणे बंद करता येईल. महामार्गाला क्रमांक देणाऱ्या सरकारने पाड्याच्या वाटेलाही क्रमांक द्यावा, आणि त्या क्रमांकापुढे स्वतःची सही करावी, एवढेच आपले मागणे आहे.