भोंग्याला शिव्या नकोत, पूल पाहिजे

हार्बरच्या रुळाला खेटून आमची वस्ती. दुसरी पाळी संपवून गोदीतून यावं, जरा डोळा लागावा, तोच गाडीचा भोंगा काळजात घुसतो. तान्ही पोरं दचकून रडतात.

2000 सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम सांगतो, निवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा. 2005 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, आपल्या घरात शांततेत जगणं हा बाबासाहेबांच्या घटनेतल्या कलम 21 खालचा हक्क. झकास! पण आमचं घर यांच्या लेखी घर कुठंय? ते साले अतिक्रमण!

तरी दोस्तांनो, मोटरमनला शिव्या घालू नका. तोही पाळीचाच माणूस. रुळावर माणूस दिसला की भोंगा वाजवणं त्याला भाग आहे. आणि आपण रुळावर का? नळ पलीकडे, संडास पलीकडे म्हणून. झोप मोडतो तो भोंगाच, जीव वाचवतो तोही भोंगाच.

म्हणून भोंगा बंद करा, ही आपली मागणी नाय. पादचारी पूल बांधा, भिंत घाला, नळ आणि संडास अलीकडे आणा. रुळावर माणूसच नसला तर भोंगा कुणाच्या नावानं बोंबलेल? अर्जानं हे होणार नाय. मोर्चानं होईल.

जय भीम!