स्वरांच्या सुताराचे स्मरण

खंडेनवमीला आपल्या घरोघरी शस्त्रांबरोबर हत्यारांची, ग्रंथांची आणि वाद्यांचीही पूजा होते. शेतकऱ्याचा नांगर, सुताराचा रंधा, वाण्याचा तराजू आणि विद्यार्थ्याची पाटी ही सारी एकाच पंक्तीस बसतात. देवळातील पेटीलाही त्या दिवशी हळदकुंकू लागते, तिच्यावर झेंडूचे फूल ठेवले जाते. ही रीत फार चांगली आहे. परंतु ज्या हातांनी ती पेटी घडविली, आणि जे हात वर्षाआड तिचे पोट उघडून तिचा श्वास पुन्हा वाहता करतात, त्यांची आठवण पूजेच्या वेळी कोणास होते, असे आम्हांस दिसत नाही. यंदाच्या नवमीस त्या कारागिराविषयी चार शब्द लिहावेत, असे मनात आहे.

कीर्तनानिमित्त मुळशी खोऱ्यात आमचे जाणे होते. पौडपासून ताम्हिणीपर्यंतच्या गावांतून हरिनाम सप्ताह होतात, एकादशीचे जागर होतात आणि कार्तिकात पहाटेचा काकडा होतो. गाव लहान असो वा मोठे, देवळाच्या कोनाड्यात किंवा भजनी मंडळाच्या म्होरक्याच्या घरी एक पेटी असावयाचीच. मात्र या खोऱ्यात पेटीला नांदणे सोपे नाही. ताम्हिणीचा पाऊस महाराष्ट्रातील अतिवृष्टीच्या ठिकाणांत मोडतो. आंबेमोहोराला तो मानवतो, पण पेटीला मुळीच मानवत नाही. चार महिने हवेत ओल भरलेली असते. लाकूड फुगते आणि पट्ट्या दाबल्या की दाबलेल्याच राहतात. झडपांवरचे कातडे कडक होते, भात्याच्या घडीला चीर जाते, पितळी सुरांवर हिरवट कळा चढते. आणि कोरड्या जागेच्या शोधात असलेला उंदीर भात्याच्या कापडातच बिऱ्हाड थाटतो. भाद्रपद सरता सरता पेटी बाहेर काढावी, तर स्वराऐवजी नुसता उसासा ऐकू येतो!

अशा वेळी ज्याला बोलावणे जाते तो पेटीवाला म्हणजे अर्धा सुतार, अर्धा लोहार आणि पुरता कानसेन. त्याचे काम जवळून पाहण्यासारखे असते. तो प्रथम पेटी वाजवीत नाही. भाता भरून सोडून देतो आणि हवा कोठून निसटते ते नुसते ऐकतो. मग पट्ट्यांची पाटी उचलतो, तेव्हा खाली ओळीने बसविलेले सूर दिसतात. प्रत्येक सूर म्हणजे एक पितळी चौकट आणि तिच्यात एका टोकाशी पक्की केलेली पितळी जीभ. वारा चौकटीतून गेला की जीभ कापते आणि नाद उमटतो. या सुरांचे खर्ज, नर आणि मादी असे भेद कारागिरांच्या बोलीत आहेत. आपल्या लोकांनी परक्या यंत्रालाही कुटुंबवत्सल करून टाकले, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते. सौराष्ट्रातील पालिताण्याच्या सुरांचे नाव जाणकार पेटीवाले आजही आदराने घेतात.

स्वर जुळविण्याची रीत ऐकावयास सोपी आहे. जिभेचे टोक कानशीने घासले की स्वर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. परंतु घासलेले पितळ परत भरून येत नाही. म्हणून कानस एकदाच ओढावयाची, पुन्हा ऐकावयाचे, आणि पुष्कळदा हात आवरावयाचा. दोन सूर एकत्र वाजविले असता त्यांच्यामध्ये लहर उठते. ती लहर मंदावत मंदावत थांबली म्हणजे ते एक झाले. हे कोणत्याही पुस्तकात वाचून येत नाही. गुरूच्या शेजारी वर्षानुवर्षे बसून कानाला ते वळण लागावे लागते. एकाग्रता म्हणजे काय, हे आम्ही कीर्तनातून सांगतो. हा मनुष्य ती मुकाट्याने करून दाखवितो.

या वाद्याचे कूळ पाहू गेले तर ते थेट ख्रिस्ती देवालयात पोचते, हे सांगताना संकोच करण्याचे कारण नाही. भरतमुनींनी वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग केले. युरोपातील देवळांचा ऑर्गन हा त्यांपैकी सुषिर वर्गातला महापुरुष होय. लाकडाच्या आणि शिसे-कथलाच्या शेकडो नळ्यांतून तो भात्याचा वारा खेळवितो. असे ऑर्गन घडविणारे थोर कारागीर खेड्यांतूनच निपजले. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातला गॉटफ्रीड झिल्बरमन हा १६८३ मध्ये एका लहानशा खेड्यात सुताराच्या पोटी जन्मला. त्याने सुमारे पन्नास ऑर्गन बांधले, तेही बहुतेक गावोगावच्या देवालयांसाठी, आणि १७५३ मध्ये तो निवर्तला. फ्रायबर्गच्या मोठ्या देवालयात त्याने १७१४ मध्ये पुरा केलेला ऑर्गन आजही उपासनेच्या वेळी वाजतो. जर्मनांची ही ऑर्गन घडविण्याची विद्या युनेस्कोने २०१७ मध्ये मानवजातीच्या जिवंत वारशाच्या यादीत घातली.

नळ्यांचा एवढा डोलारा न परवडणाऱ्या देवालयांना आणि घरांना लहान वाद्य हवे होते. पॅरिसच्या अलेक्झांड्र दबॅं याने १८४२ च्या सुमारास नळ्या काढून केवळ पितळी जिभांवर वाजणारे वाद्य सिद्ध केले आणि त्याला ‘हार्मोनियम’ हे नाव दिले. मिशनऱ्यांबरोबर ते हिंदुस्थानात आले. ते खुर्चीवर बसून, पायांनी भाता हलवून वाजविण्याचे होते. आपण तर मांडी घालून बसणारे. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी १८८४ च्या सुमारास भाता पाठीमागे घेऊन तो डाव्या हाताच्या स्वाधीन केला, आणि परदेशी पाहुणा आपल्या जाजमावर येऊन बसला.

देवाणघेवाण एकाच बाजूने झाली असे मात्र नव्हे. त्याच काळात अहमदनगरकडील मराठी ख्रिस्ती मंडळींनी आपले कीर्तन उचलले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्या कवीने (१८६१–१९१९) त्यांची भजने ओव्या-अभंगांच्या वळणावर नेली. त्यांच्या देवालयातील वाद्य आमच्या रंगशिळेवर आले, आमची कीर्तनपद्धती त्यांच्या देवालयात गेली. या व्यवहारात कोणाचा तोटा झाल्याचे आम्हांस तरी दिसत नाही.

पेटीवर आक्षेप पुष्कळ झाले आणि त्यांतले काही खरे आहेत. तिच्यातून मींड निघत नाही. तिचे बारा स्वर ठोकळेबाज असतात. शार्ङ्गदेवाने देवगिरीस बसून ‘संगीतरत्नाकरा’त ज्या बावीस श्रुतींचा ऊहापोह केला, त्या तिच्यात मावत नाहीत. याच कारणांसाठी आकाशवाणीने १९४० मध्ये तिला दार लावले, ते १९७१ पर्यंत उघडले नाही. परंतु आक्षेप ऐकून आपली माणसे स्वस्थ बसली नाहीत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि साताऱ्याचे न्यायाधीश क्लेमंट्स यांनी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचा आधार घेऊन श्रुतींची मापे काढली आणि लंडनच्या कारागिरांकडून श्रुति-हार्मोनियम करवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर मोठा वाद झाला. पंडित भातखंडे यांना ती पटली नाही. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार करून तो प्रश्न पुन्हा हाती घेतला आहे. पंडितांचा हा वाद पंडितांनी चालवावा. आमचा अनुभव इतकाच, की पंचवीस गळे निरनिराळ्या पट्ट्यांत भरकटू लागले असता त्यांना एका स्वरावर आणून उभे करण्याचे पुण्य या गरीब वाद्याने केले आहे. नाटक मंडळ्यांनी तर पायाच्या ऑर्गनला राजमान्यता दिली. गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवांचा तबला असा थाट असे.

आता मुद्द्याचे बोलतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आनंद झाला. कोकणात राजापूर तालुक्यातल्या आडिवरे गावी पायाचा ऑर्गन नव्याने घडविला गेला, हेही ऐकून बरे वाटले. खेड्यातल्या हातांत ती विद्या अजून आहे, याची ती साक्ष होय. परंतु भजनी मंडळांची पेटी दुरुस्त करणारा साधा कारागीर मात्र उपेक्षितच आहे. आमच्या पाहण्यात आलेल्या पुष्कळ पेटीवाल्यांची मुले या धंद्यात उतरलेली नाहीत, आणि त्यांना दोष देण्याची आमची तयारी नाही. सप्ताहाच्या पट्टीतून मंडपाला, रोषणाईला आणि कर्ण्यांच्या भिंतीला हजारो रुपये विनातक्रार जातात. पेटी दुरुस्तीचे मोल निघाले की मात्र सभा भरते आणि घासाघीस सुरू होते. दोन दिवस मान मोडून बसलेल्या माणसाला जे देऊ करतात, ते ऐकून आम्हांस लाज वाटते. मग कोणीतरी सुचवितो की विजेवरची पेटी घ्या, तिला जुळवावे लागत नाही. खरे आहे. परंतु भात्याची पेटी पंचवीस माणसांबरोबर श्वास घेते. म्हणणारा थकला की वाजविणाऱ्याचा हातही सैलावतो, गजर चढला की भाता भरून येतो. विजेला हे कोण शिकविणार? शिवाय ऐन काकड्याला गावची वीज गेली म्हणजे तिची काय अवस्था होते, ते खोऱ्यातील मंडळींना निराळे सांगावयास नको.

दुसराही एक प्रकार घडतो, तो अधिक वाईट. आजोबांच्या वेळची सागवानी पेटी वाजत नाही म्हणून मोडीत घातली जाते. तिचे सूर जुन्या पितळेचे असतात, लाकूड दोन पिढ्यांचे मुरलेले असते. नवा भाता आणि नवे कातडे घातले तर ती आणखी एक पिढी गाईल. मोडीत काढण्यापूर्वी ती एकदा जाणत्याला दाखवावी. त्याने नाही म्हटले तर गोष्ट वेगळी.

तेव्हा नवमीच्या पूजेला पेटी बाहेर काढाल, ती पुन्हा कोनाड्यात ठेवू नका. पाऊस ओसरून कोरडे ऊन पडले आहे, लाकूड आपल्या जागी बसू लागले आहे आणि कातडे चिकटविण्यास हाच काळ चांगला. पेटीवाल्याला आताच निरोप धाडा. त्याला देवळात बोलावून सावलीची जागा द्या, मुलांना त्याच्या शेजारी बसू द्या; एखादा कान तयार झाला तर झाला. मोल त्याने सांगावे ते द्या, आणि दसऱ्याचे सोने देताना त्याचे घर चुकवू नका. कोजागरीच्या सुमारास काकडा सुरू होईल, तोवर सुरांवरची कळा निघावयास हवी.