पंपावरील आळ

शिरपुरात दम्याच्या रोग्याला डॉक्टरांनी रोज दोन वेळा ओढावयाचा जोडऔषधाचा पंप लिहून दिला, की ती चिठ्ठी औषधाच्या दुकानी पोहोचण्यापूर्वीच त्या पंपावर फिर्याद गुदरते. आणि फिर्यादी पक्षाची वकिली शेजारी, व्याही व जिनिंगमधले जुने मुकादम यांच्याकडे असल्यामुळे निकालही बहुधा एकतर्फी लागतो. "पंपनी सवय लागी जास, भाऊ," हे पहिले कलम. पंपात स्टेरॉइड असते, हे दुसरे. पंप हा सगळे उपाय थकल्यावरचा अखेरचा इलाज होय, हे तिसरे.

सवयीचा आक्षेप सर्वांत लोकप्रिय, म्हणून त्याचाच समाचार अधिक घेणे प्राप्त आहे. या पंपात दोन औषधे नांदतात: एक श्वासनलिकांची सूज उतरविणारे, दुसरे त्यांच्या भोवतीचे आवळलेले स्नायू सुमारे बारा तास सैल ठेवणारे. रोगी पावसाळ्यापूर्वी पंप सुरू करतो, त्याला चढ चढता येऊ लागतो, रात्रीची झोप लागते, आणि बरे वाटते या सबबीवर तो पंप फडताळात टाकतो. पुढे दसरा उलटतो, कापसाच्या गाड्या जिनिंगच्या फाटकाशी लागतात, हवेत रुईची धूळ भरते, घरोघरी चुलीत पऱ्हाट्या धुमसू लागतात आणि छाती पुन्हा वाजू लागते, तेव्हा हाच गृहस्थ म्हणतो, "पाहा, पंपावाचून चालेना, सवय जडली!" वस्तुतः परत आला तो रोग, सवय नव्हे. व्यसनात मात्रा वाढत जाते. येथे दमा काही महिने नीट आटोक्यात राहिला, तर डॉक्टरच मात्रा उतरवितात. सवयीची भीती बाळगावयाचीच असेल तर ती तात्पुरत्या आरामाच्या सॅल्ब्युटामॉलची बाळगावी, जे चार-सहा तास नळ्या मोकळ्या करते आणि आतली सूज जशीच्या तशी ठेवते. दम्याला केवळ त्यावर विसंबू नये, असे जागतिक दमा मार्गदर्शिकेने २०१९ साली स्पष्ट बजावले आहे.

स्टेरॉइडविषयीचा आक्षेप मात्र निव्वळ अज्ञानाचा नाही. नेहमीच्या एका जोडपंपाच्या ओढीत ब्युडेसोनाइड २०० मायक्रोग्रॅम असते. आणि दम्याचा झटका आल्यावर प्रेडनिसोलोनच्या ज्या गोळ्या द्याव्या लागतात, त्यांची दिवसाची मात्रा ४० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅमपर्यंत जाते. दोन्ही औषधांची ताकद सारखी नसल्यामुळे ही वजनी तुलना अपुरी आहे, हे कबूल. तथापि पंपाचे औषध थेट फुप्फुसात उतरते आणि गोळीचे सर्वांगात फिरते, हा भेद त्याने पुसला जात नाही. पंपाने तोंडात पांढरी बुरशी येते, आवाज बसतो, हेही खरे, आणि म्हणूनच औषध ओढल्यावर खळखळून चूळ भरून ती थुंकावयाची असते. परंतु पंपाच्या स्टेरॉइडला भिणारा मनुष्य कोणा भोंदूची नाव-गाव नसलेली पुडी बेलाशक गिळतो, आणि तीत काय कुटले आहे हे विचारीत नाही, याला विवेक कसा म्हणावा?

पूर्वपक्षाचा खरा वजनदार दाखला शेजाऱ्यांच्या तोंडी नाही, तो वैद्यकाच्याच दप्तरात आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे २६ हजार रोग्यांच्या अमेरिकी अभ्यासात, चालू उपचारात साल्मेटेरॉल या दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधाची भर घातलेल्या गटात दम्याने १३ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात ३. या निष्कर्षाने खळबळ उडाली आणि जोडपंपांवरही कडक इशारा छापला गेला. पुढे दोन्ही औषधे एकत्र दिलेल्या रोग्यांचे मोठे अभ्यास झाले, धोका वाढल्याचे आढळले नाही, आणि डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने जोडपंपांवरील तो ठळक इशारा काढून घेतला. म्हणजे ज्या दाखल्यावर पंपाला दोषी ठरवू पाहतात, तोच दाखला सूज उतरविणाऱ्या जोडीदाराची गरज सिद्ध करतो.

एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. चुलीच्या धुराने वा विडीने ज्यांची फुप्फुसे वर्षानुवर्षे झिजली, त्यांच्या रोगालाही आपण सरसकट दमाच म्हणतो. परंतु तो आजार निराळा आहे, गेलेली ताकद त्यात परत येत नाही. २००७ सालच्या सुमारे सहा हजार रोग्यांच्या अभ्यासात जोडपंपाने त्यांचे झटके कमी झाले, पण स्टेरॉइड घेणाऱ्यांत न्यूमोनिया अधिक दिसला. तेव्हा अशा प्रत्येकाला जोडपंपच द्यावा, असा आमचा हट्ट नाही. फुंकून घेण्याची चाचणी करून डॉक्टरांनी ते ठरवावे.

राहिला अखेरच्या इलाजाचा मुद्दा. पंप उशिरा सुरू होतो आणि सुरू झाल्यावरही चुकीचा ओढला जातो, मग तो निरुपयोगी ठरतो. फवाऱ्याचा पंप दाबता दाबता श्वास सावकाश, खोल घ्यावा लागतो. कॅप्सूलच्या भुकटीच्या यंत्रात नेमके उलट, जोरात आणि झपाट्याने ओढावे लागते. दोहोंत आधी श्वास बाहेर सोडून मग ओढावयाचे आणि सुमारे दहा सेकंद धरून ठेवावयाचे. हा फरक चिठ्ठीवर लिहिलेला नसतो, आणि गर्दीच्या वेळी दुकानदारही सांगत नाही. औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय असलेल्या गावात ही उणीव विशेष खटकते. म्हणून "पंपाने गुण येत नाही" अशी तक्रार घेऊन कोणी आला, तर त्याच्या पंपावर निवाडा देण्याआधी त्याला समोर बसवून एकदा औषध ओढावयास लावावे आणि यंत्र उघडून कॅप्सूल पाहावी. निम्मी भुकटी आतच शिल्लक असेल, तर तक्रार कशाविरुद्ध नोंदवावयाची हे त्याचे त्यालाच कळेल.