पूल उतरतो कोठे?

प्रभादेवी स्थानकाजवळचा एल्फिन्स्टनचा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद करण्यात आला आणि रुळांच्या दोन्ही अंगांना वसलेले परळ व प्रभादेवी हे शेजारी एकाएकी एकमेकांना दुरावले. शिवडी-वरळी उन्नत मार्गासाठी हे पाडकाम आवश्यक ठरले. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरील वाहनांना थेट वरळीस नेणारा हा साडेचार किलोमीटरचा मार्ग आहे. नियोजित नवा पूल दुमजली आहे : वरून दूरची वाहने, खालून स्थानिक वाहतूक.

नगररचनेचे संगणकीय खेळ खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. २०१५ मध्ये आलेल्या ‘सिटीज : स्कायलाइन्स’ या खेळात महामार्गांचे छेद रचण्यातच कित्येकांच्या रात्री सरतात. त्यातून मिळणारा धडा खोटा नाही. रस्ता रुंद केल्याने कोंडी फुटतेच असे नाही. चढणारी व उतरणारी वाहने थोडक्या अंतरात एकमेकांना छेदू लागली की चार मार्गिकाही अपुऱ्या पडतात. उताराच्या तोंडाशी चौक तुंबला, तर रांग थेट पुलावर चढते. पुलाचे सामर्थ्य त्याच्या लांबीवरून नव्हे, तो कोठे उतरतो यावरून ठरते.

मुंबईला हा अनुभव नवा नाही. शिरीष पटेल यांनी रचना केलेला केम्प्स कॉर्नरचा पूल १९६५ मध्ये उभा राहिला. पुढे २००२ मध्ये जे. जे. रुग्णालयापासून क्रॉफर्ड मार्केटकडे जाणारा पूल झाला, २०११ मध्ये लालबागचा. या पुलांनी वाटेतले चौक सुलभ केले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु वेळ वाचवून आलेले वाहन अखेर जमिनीवरच्या एखाद्या चौकातच येऊन थांबते. वरळीतही याहून निराळे घडण्याचे कारण नाही.

खेळात मात्र एक सोय आहे, जी परळमध्ये नाही. तेथे आड येणारे घर एका टिचकीसरशी नाहीसे होते. येथे पुलालगतच्या इमारतींतील रहिवाशांनी पुनर्वसन याच परिसरात व्हावे असा आग्रह धरला, आणि तो रास्तच होता. गिरण्या गेल्या तरी माणसांचा रोजगार, शाळा, नातीगोती याच वस्तीत आहेत.

आणि या भागातला बहुसंख्य माणूस वाहनात नसतो, तो पायी चालतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी याच स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस जणांचे प्राण गेले. त्या जिन्याची रुंदी हाही वाहतुकीचाच प्रश्न होता. तो कोणाच्या गणितात नव्हता, एवढेच.

म्हणून नव्या पुलाची परीक्षा वरच्या मजल्यावर नव्हे, खालच्या मजल्यावर व्हावी. केईएम, टाटा, वाडिया या रुग्णालयांकडे निघालेल्या रुग्णाला सरळ वाट आहे काय? पदपथ दोन माणसे शेजारून चालू शकतील इतका तरी आहे काय? बेस्टचा थांबा जिन्याजवळ आहे काय? या प्रश्नांची उत्तरे नकाशावर आधी उमटली पाहिजेत. अटल सेतूवरून येणाऱ्याची दहा मिनिटे वाचावीत, यास कोणाचीच हरकत नाही. ती परळच्या माणसाच्या खात्यातून वळती केली जाऊ नयेत.