भंगारात देण्यापूर्वी एकदा उघडून पाहा

आपल्याकडे घरातील एखादे यंत्र बंद पडले, की त्याचा पुढचा प्रवास ठरलेला असतो. प्रथम ते ओसरीतून गोठ्यात जाते, गोठ्यातून परसात जाते आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या हातगाड्यावर चढते. शिवणयंत्र असो, रेडिओ असो, सायकल असो वा पाण्याचा पंप असो, सर्वांची गत एकच. आमच्या जालन्यात तर या प्रवासाचा शेवटचा मुक्कामही गावातच आहे. येथील औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांत भंगार लोखंड वितळवून बांधकामाच्या सळया तयार होतात आणि त्या दूरदूर जातात.

भंगार वितळवून पुन्हा वापरणे वाईट आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. खनिजापासून नवे लोखंड काढण्यापेक्षा त्यात बरीच ऊर्जा वाचते. तरीही ते फुकट होत नाही. १०० किलो लोखंड ३० अंश सेल्सिअसपासून तापवून १५३८ अंशांवर वितळवायचे, तर नुसत्या कागदावरच्या हिशेबानेही ३५ ते ४० युनिट वीज लागते. प्रत्यक्ष भट्टीत त्याहून अधिक. शिवाय लोखंड परत मिळते, पण त्याला दिलेला आकार परत मिळत नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत नेमका कातलेला सिलिंडर आणि गंजलेली खिळेपट्टी यांत भट्टी भेद करीत नाही.

म्हणून माझे मत असे आहे, की कोणतेही यंत्र भट्टीकडे जाण्यापूर्वी घरातील मुलामुलींनी ते एकदा तरी उघडलेले असावे. ते पुन्हा चालू होण्यासारखे असेल, तर घरातील सर्वांनी मिळून, खिशाला झेपेल एवढ्याच खर्चात ते चालू करावे. शाळेच्या प्रयोगशाळेत वर्षभरात जे शिकवायला आम्हा शिक्षकांना सवड मिळत नाही, ते असे एक यंत्र शिकवून जाते.

पाच माणसे आणि दहा हजार रुपये

उदाहरण आमच्याच घरचे देतो. माझे वडील भोकरदन तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी १९८४ मध्ये एक जुनी राजदूत मोटारसायकल घेतली; ती १९७८ सालची. ही गाडी आजच्या विद्यार्थ्यांनी कदाचित पाहिलीही नसेल. एस्कॉर्ट्स कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी पोलंडमधील ‘एसएचएल एम-११’ या मोटारसायकलीवरून ती भारतात बनवायला घेतली. १९७३ च्या ‘बॉबी’ या चित्रपटात दिसलेली छोटी मोटारसायकल ही हिचीच धाकटी बहीण. खेड्यापाड्यांतील दूधवाल्यांनी आणि शिक्षकांनी ही गाडी वर्षानुवर्षे दामटली, कारण तिची रचना साधी होती आणि ती कुठेही दुरुस्त होत असे.

आमची गाडी २००३ पासून बंद होती. ती चालू करायची असे ठरले, तेव्हा आधी खर्चाची मर्यादा ठरवली: दहा हजार रुपये, तेही आठ महिन्यांत थोडेथोडे. हिशेबाची वही पत्नीकडे, नोंदींची वही नववीतल्या मुलीकडे, सुटे भाग धुऊन डब्यांत चिठ्ठ्यांसह ठेवण्याचे काम सहावीतल्या मुलाकडे आणि ‘हा भाग कुठे बसत होता’ हे सांगण्याचे काम वडिलांकडे. जेथे आमचे हात चालत नव्हते तेथे गल्लीतले वयस्कर मिस्त्री होते. मुले त्यांना चाचा म्हणतात.

अखेर झालेला खर्च असा: सिलिंडरचे बोअरिंग व नवा पिस्टन संच २,४०० रुपये, टायर व ट्यूब ३,६००, चेन आणि तिची दातेरी चाके ९५०, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणि प्लग १,१५०, केबल, रबरी वस्तू आणि गॅसकेट ७००, सीटचे कापड ४००, तेल, धुण्यासाठी डिझेल, पॉलिश पेपर व थोडा रंग ६००. एकूण ९,८०० रुपये. चकचकीत मुलामा आणि नवाकोरा रंग यांवर आम्ही खर्च केला नाही. जो भाग गाडी चालण्यासाठी किंवा थांबण्यासाठी आवश्यक आहे तो आधी, शोभेचा सर्वांत शेवटी, हा नियम ठेवला. सीटचे कापड पत्नीने घरच्या शिवणयंत्रावरच शिवले.

पावणेदोनशे कशावरून?

या गाडीला लोक ‘पावणेदोनशेची गाडी’ म्हणत. हा आकडा कोठून आला, हे मुलांनी स्वतः मोजून पाहिले. सिलिंडरचा मूळ व्यास ६१ मि.मी. आणि पिस्टनची धाव ५९.५ मि.मी. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र आठवा. त्रिज्या ३.०५ सें.मी., उंची ५.९५ सें.मी. उत्तर सुमारे १७४ घन सें.मी. येते. आमच्या सिलिंडरची झीज झाली होती, म्हणून लेथवाल्याने तो अर्धा मिलिमीटर मोठा केला आणि त्याला जुळणारा मोठा पिस्टन बसवला. आता व्यास ६१.५ मि.मी.; घनफळ जवळजवळ १७७ घन सें.मी. व्यासात शेकडा एकाहूनही कमी वाढ, पण घनफळात शेकडा दीडहून अधिक! असे का, ते सूत्रातील वर्ग सांगतो. हेच गणित पाठ्यपुस्तकात पाण्याच्या टाकीवर सोडवताना माझ्या मुलाने कधी दुसऱ्यांदा पाहिले नव्हते. येथे त्याने ते तीनदा करून पाहिले, कारण उत्तर चुकले तर पिस्टन अडकणार होता.

ठिणगी दिसते, मग गाडी का सुरू होत नाही?

सर्वांत अधिक शिकवले ते एका छोट्या बिघाडाने. सर्व जोडणी झाली, पेट्रोल पोचत होते, आणि प्लग बाहेर काढून एंजिनाला टेकवून किक मारली की ठिणगीही दिसत होती. तरी गाडी सुरू होईना. मुलीचा प्रश्न सरळ होता: ठिणगी आहे, इंधन आहे, हवा आहे, मग राहिले काय?

याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. कोरड्या हवेतून ठिणगी उडवण्यासाठी ढोबळमानाने दर मिलिमीटरला ३,००० व्होल्ट लागतात. प्लगमधील फट ०.६ मि.मी. असेल, तर उघड्या हवेत १,८०० व्होल्ट पुरतात. पण सिलिंडरमध्ये पिस्टनने हवा दाबलेली असते. हवा दाटली की विद्युत्‌कणांना वेग घेण्यापूर्वीच रेणूंचे धक्के बसू लागतात आणि ठिणगीला अधिक दाबाची वीज लागते. हवा सहापट दाटली असे धरले, तर हाच आकडा ११,००० व्होल्टच्या आसपास जातो. म्हणजे बाहेर उडणारी ठिणगी आत उडेलच, असे नाही.

मग आम्ही चाचणी केली. पेट्रोलची टाकी काढून दूर नेली, प्लगच्या वायरीचे टोक लाकडी चिमट्यात धरले आणि धातूपासूनचे अंतर हळूहळू वाढवत गेलो. २ मि.मी. च्या पुढे ठिणगी जाईना. वीज कमी पडत होती. कुठे? मुलीने पॉइंट पाहिले, तर ते काळे पडले होते.

फॅराडेने १८३१ मध्ये दाखवून दिले, की वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र जितक्या वेगाने बदलेल तितका विद्युत्‌दाब अधिक निर्माण होतो. मोटारसायकलीतील कॉइलमध्ये वीज वाढते ती प्रवाह वाहताना नव्हे, तो एकाएकी तुटताना. पॉइंट उघडतात तेव्हा प्रवाह सहज थांबायला तयार नसतो. तो उघडणाऱ्या फटीतूनच उडी मारू पाहतो. त्या क्षणी कंडेन्सर तो विद्युत्‌भार आपल्याकडे घेतो आणि प्रवाह झटक्यात तुटतो. कंडेन्सर खराब झाला, की प्रवाह रेंगाळत तुटतो, पॉइंट जळून काळे पडतात आणि दाब पुरेसा वाढत नाही. शंभर रुपयांच्या आतला कंडेन्सर बदलला, पॉइंट घासून त्यांची फट ०.४ मि.मी. केली, आणि ठिणगी ५ मि.मी. ओलांडू लागली. तिसऱ्या किकला गाडी बोलली.

चाचांना हे सूत्र ठाऊक नाही. परंतु पॉइंट काळे दिसताच कंडेन्सरकडे बोट दाखवणे त्यांना चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. माझ्या मुलीने त्या दिवशी दोन्ही ज्ञाने एकमेकांशेजारी पाहिली. यापैकी एक वरचे आणि दुसरे खालचे, असे आता तिला कोणी पटवू शकणार नाही.

आक्षेपांचा विचार

आता काही आक्षेप. पहिला आक्षेप धुराचा, आणि तो खरा आहे. हे टू-स्ट्रोक म्हणजे दोन धावांचे एंजिन. त्यात जळलेला वायू बाहेर जाण्याची आणि नवे मिश्रण आत येण्याची वाट काही काळ एकदमच उघडी असते. त्यामुळे काही इंधन न जळताच बाहेर पडते. शिवाय लिटरमागे सुमारे ४० मिलिलिटर तेल पेट्रोलमध्ये मिसळावे लागते, त्याचा निळा धूर निराळाच. १९९६ आणि २००० साली प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि अशा गाड्या मागे पडल्या, ते योग्यच झाले. म्हणून जुनी गाडी दुरुस्त करावी ती रोजच्या वापरासाठी नव्हे. आम्ही ती महिन्यातून एकदा स्वतःच्या शेतातील वाटेवर थोडी फिरवतो, तेवढेच.

दुसरा आक्षेप धोक्याचा. तोही खरा आहे, म्हणून काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. पेट्रोल हाताळताना मोठी माणसे जवळ हवीत. बंद खोलीत एंजिन चालवू नये. कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुंकरू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुने तेल गटारात ओतू नये. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागले आहे. ते पाणी शोषून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. तेव्हा नळ्या नव्या प्रकारच्या घालाव्यात आणि गाडी उभी ठेवताना कार्ब्युरेटर रिकामा करावा.

तिसरा आक्षेप कायद्याचा. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. जुनी वाहने वारसा म्हणून जपावीत, हा त्यांतील हेतू चांगला आहे. पण नव्या नोंदणीचे शुल्क दुचाकी आणि चारचाकी दोहोंना सारखेच, २०,००० रुपये, ठेवले आहे. आमची गाडी २०२८ मध्ये पन्नास वर्षांची होईल, तेव्हा हे शुल्क तिच्या संपूर्ण दुरुस्तीच्या दुप्पट असेल. राजवाड्यातील मोटारी जपणाऱ्यांना ते जड नाही. मास्तरांची किंवा दूधवाल्याची गाडी जपणाऱ्यांना आहे. लहान दुचाकींसाठी हे शुल्क कमी असावे, असे मला वाटते. नाहीतर पुढच्या पिढीला जुनी वाहने म्हणजे फक्त श्रीमंतांची वाहने, एवढेच दिसेल.

चौथा आक्षेप कोणी उघडपणे बोलत नाही, पण तोच सर्वांत मोठा आहे. ‘हात काळे करायला का शिकवता? मुलाला इंजिनिअर करायचे आहे, मिस्त्री नव्हे,’ असे आईवडिलांच्या मनात असते. मुलीच्या बाबतीत तर ते अधिकच. माझ्या महाविद्यालयात प्रत्येक वर्षी असे विद्यार्थी येतात, की ज्यांना विद्युत्‌प्रवर्तनाची सर्व सूत्रे येतात, पण ज्यांनी पाना हाती धरलेला नसतो. त्यांचा दोष नाही. त्यांना कोणी तो धरूच दिलेला नाही. सूत्र जेथे काम करते ती जागा न पाहताच ते पाठ करणे, हे पोहणे पुस्तकातून शिकण्यासारखे आहे.

शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळांच्या वेळापत्रकात कार्यानुभव हा विषय अनेक वर्षे राहिला आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासूनच व्यवसायांचा अनुभव देण्याचा उल्लेख आहे. या तासांना कागदी फुले पुष्कळ झाली. गावात चौकशी केली तर एखादे बंद एंजिन, पंप किंवा शिवणयंत्र कोणीही आनंदाने देईल. गावातील मिस्त्रींना महिन्यातून एकदा वर्गात बोलवा, त्यांना मानधन द्या आणि मुलांना त्यांना ‘सर’ म्हणायला सांगा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, मोटारसायकलच हवी असे नाही. सायकलचे मागचे चाक, आजीचे शिवणयंत्र, बंद पडलेला मिक्सर, जे घरात असेल ते घ्या. घरच्यांची परवानगी घ्या. विजेचे यंत्र असेल तर आधी त्याची पिन काढा. सोडवताना प्रत्येक भागाचे चित्र काढा आणि स्क्रू क्रमाने ठेवा. प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारा: हा नसता तर काय अडले असते? त्याचे उत्तर मिळेपर्यंत तो भाग खाली ठेवू नका. यंत्र चालू झाले तर उत्तमच. नाही झाले, तरी भंगारवाला त्याचे वजन करील तेव्हा आत काय होते, हे तुम्हाला माहीत असेल.