दिलेला शब्द

मुष्टियुद्धाचें नांव काढतांच पुष्कळ पालकांच्या कपाळास आंठ्या पडतात. ठोसे मारण्यानें मुलांच्या अंगीं कोणता सद्गुण यावयाचा, असें ते विचारतात. हा प्रश्न अगदींच गैर आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वेल्समधील कार्डिफ शहरच्या जिम ड्रिस्कॉलचें चरित्र ऐकून मग त्यांनीं निकाल द्यावा, अशी आमची विनंति आहे.

ड्रिस्कॉलचा जन्म १८८० सालीं एका गरीब आयरिश कुटुंबांत झाला. तो तान्हा असतांनाच वडील अपघातांत गेले. आईनें काबाडकष्ट करून मुलें वाढविलीं. लहान वयांतच तो छापखान्यांत कामास लागला. पुढें जत्रांतील तंबूंत लढत लढत तो फेदरवेट या हलक्या वजनाच्या गटांत ब्रिटनमधील अग्रगण्य मुष्टियोद्धा झाला.

१९०९ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्क येथें जगज्जेता एब अ‍ॅटेल याच्याशीं तो दहा फेऱ्या लढला. दोघेहि शेवटपर्यंत उभे राहिल्यास निकाल द्यावयाचा नाहीं, असा तेथील तेव्हांचा नियम होता. त्यामुळें सरशी ड्रिस्कॉलचीच झाली असें बहुतेक वृत्तपत्रांनीं लिहिलें, तरी किताब अ‍ॅटेलकडेच राहिला. ड्रिस्कॉलनें थांबून पुन्हां लढावें, असा आग्रह झाला. परंतु कार्डिफच्या नाझरेथ हाउस या अनाथालयाच्या मदतीसाठीं खेळण्याचें त्यानें कबूल केलें होतें. तो तडक जहाजानें घरीं परतला. अ‍ॅटेलशीं त्याची पुन्हां गांठ पडली नाहीं.

हा वेडेपणा झाला, असें कोणी म्हणतील. किताब मिळवून मग अनाथांस दुप्पट देतां आलें असतें! पण सोयीचा असेल तेव्हांच पाळावयाचा, तो शब्द कसला?

ड्रिस्कॉल निर्दोष होता, असेंहि नव्हे. १९१० सालीं फ्रेडी वेल्शशीं लढतांना चिडून त्यानें डोक्यानें धडक दिली व पंचांनीं त्याला बाद ठरविलें. एका क्षणाचा क्रोध काय घालवितो, हेंहि विद्यार्थ्यांनीं त्याच्याकडूनच शिकावें.

१९२५ सालीं तो वारला तेव्हां त्याच्या अंत्ययात्रेस कार्डिफच्या रस्त्यांत लाखभर लोक लोटले. मैदानावरून परतलेल्या मुलास "जिंकलास का?" असें आपण सारेच विचारतों. त्याबरोबरच "नीट खेळलास का? कबूल केलेलें पाळलेंस का?" असेंहि पालकांनीं विचारावें, एवढेंच आमचें मागणें आहे.